१६३ मीटरची विनाशिका ४७ सेंटिमीटरमध्ये कशी बसवायची?

ज्यांना हेडफोन लावायला वेळ नाही, किंवा जे एसटीत खिडकीशी बसलेत आणि वाऱ्यात काहीच ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी हा आपल्या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे' काढून टाकलेत. मागे वाजणारा कुकर तुम्हाला इथे ऐकू येणार नाही, तेवढं नुकसान.

आजचा विषय प्लास्टिकची युद्धनौका. खेळणं नाही, स्केल मॉडेल. म्हणजे खऱ्या जहाजाचं प्रत्येक माप एकाच आकड्याने भागायचं आणि जे उत्तर येईल तेवढंच कापायचं. मी हे जळगावात बसून करतोय. समुद्र इथून रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटर लांब. पण आमच्या गावात प्लास्टिक आहे, पाईप आहेत, चटया आहेत. त्यावर पुढे येतो.

जहाज कोणतं? आयएनएस मोरमुगाओ. नाव गोव्याच्या बंदराचं, बांधलं मुंबईत माझगाव डॉकमध्ये. 'प्रोजेक्ट १५ ब्राव्हो' नावाच्या चार विनाशिकांमधली ही दुसरी: विशाखापट्टणम, मोरमुगाओ, इंफाळ, सुरत. मोरमुगाओ पहिल्यांदा समुद्रात चाचणीला गेली ती १९ डिसेंबर २०२१ला, म्हणजे गोवा मुक्तीला साठ वर्षं झाली त्या दिवशी, आणि १८ डिसेंबर २०२२ला नौदलात दाखल झाली. लांबी १६३ मीटर, रुंदी १७.४ मीटर, वजन ७,४०० टन. जळगाव स्टेशनवर उभ्या गाडीचे जवळजवळ सात डबे मोजा, तेवढं लांब.

जहाजांच्या मॉडेलमध्ये दोन स्केल जास्त चालतात, १/७०० आणि १/३५०. सातशेचं स्केल जपानी कंपन्यांनी १९७१ साली एकत्र येऊन रूढ केलं, साडेतीनशे म्हणजे त्याच्या दुप्पट मोठं. मी १/३५० घेतलं. १६३ मीटर भागिले ३५० म्हणजे ४६.६ सेंटिमीटर. रुंदी पाच सेंटिमीटरला जरा कमी. डेकवर उभा माणूस पाच मिलिमीटरचा, तांदळाच्या दाण्यापेक्षा किंचित छोटा.

एक गंमत सांगतो. लांबी ३५०ने भागायची, पण वजन लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्हींमुळे कमी होतं, म्हणून ते ३५०ने तीनदा भागायचं. ७,४०० टनांचे होतात साधारण १७३ ग्रॅम. तुमच्या हातातला मोबाईल जवळपास तेवढाच आहे. तळासकट मॉडेल केलं आणि ते मोबाईलइतक्या वजनाचं भरलं, तर ते पाण्यात खऱ्या जहाजाइतकंच बुडेल.

हे कोणासाठी?

माझा मामेभाऊ नौदलात आहे. कोणत्या जहाजावर, ते मी इथे सांगणार नाही, आणि तोही घरी फारसं सांगत नाही. मामा-मामी धुळ्याकडचे, शेती आहे. मामीने समुद्र एकदाच बघितलाय, मुंबईला, तोही लग्नाच्या घाईत. तिच्या डोक्यात जहाज म्हणजे टीव्हीवर सव्वीस जानेवारीला दिसतं ते. मागच्या दिवाळीत मी मोबाईलवर फोटो दाखवत होतो, तर तिने झूम करून विचारलं, "मना पोऱ्या कोठे झोपस मग?"

फोटोवरून ते सांगता येत नाही. मॉडेलवरूनही नाही येणार, कारण आतलं काही मी करत नाहीये. पण हातात धरून फिरवता येणारी वस्तू असली की माणसाला मोठेपणा कळतो. पाच मिलिमीटरचा माणूस डेकवर चिकटवला आणि सांगितलं की हा एवढा तुझा मुलगा, तर मामीला सात डबे वगैरे काही समजवावं लागणार नाही. म्हणून हे मॉडेल नुसतं 'जहाजासारखं' असून चालणार नाही. ती ज्या विश्वासाने बघेल, तेवढं ते खरं पाहिजे.

यातून एक नियम मी सुरुवातीलाच ठरवला: भावाला एकही माप विचारायचं नाही. सगळी माहिती नौदलाने आणि माझगाव डॉकने स्वतः जाहीर केलेल्या फोटो-व्हिडिओंमधून घ्यायची. तुमच्यापैकी कोणी हा छंद सुरू करणार असेल तर हे नीट ऐका. नौदलाची गोदी ही ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट १९२३ खाली प्रतिबंधित जागा आहे. तिथे जाऊन मोबाईल काढायचा नाही, ओळखीच्या माणसाकडून ड्रॉइंग मागायचं नाही. आणि गरजही पडत नाही.

फोटोवरून माप

मला हव्या त्या जहाजाची तयार पेटी दुकानात मिळाली नाही. मग स्वतःच नकाशा काढायचा. इथे माझं ऑफिसचं काम जरा कामी आलं, कारण हा सगळा पिक्सेलचा खेळ आहे.

जहाजाचा बरोब्बर बाजूने, लांबून, झूम लेन्सने काढलेला फोटो घ्या. लांबून काढलेल्या फोटोत जवळचं मोठं आणि दूरचं लहान हा फरक जवळजवळ नाहीसा होतो, फोटो नकाशासारखा सपाट होतो. समजा त्या फोटोत जहाज ३,२६० पिक्सेल लांब आहे. खरं जहाज १६३ मीटर. म्हणजे एका मीटरला २० पिक्सेल, एक पिक्सेल पाच सेंटिमीटरचा, आणि मॉडेलवर तो होतो ०.१४ मिलिमीटर. एवढं बारीक माझी कटर कापतही नाही. माहिती पुरेशीच नाही, जास्त आहे.

मेख अशी की जहाज कधीच बरोब्बर आडवं नसतं. ते दहा अंश वळलेलं असेल तर डोळ्याला कळतही नाही, पण लांबी १६३ ऐवजी साडेएकशे साठ मीटर दिसते. अडीच मीटर गेले, मॉडेलवर सात मिलिमीटर. उंची मात्र तेवढीच राहते. म्हणजे जहाज आखूड आणि उंच दिसायला लागतं, थोडंसं जत्रेतल्या आरशासारखं. म्हणून लांबीसाठी एक आणि उंचीसाठी दुसरी मोजपट्टी पाहिजे. उंचीला मी माणसं वापरतो. समारंभाच्या फोटोत डेकवर कडेने रांगेत उभे असलेले नौसैनिक म्हणजे आयती पट्टीच. वीस माणसांच्या उंचीची सरासरी काढा, एखादा उंच-बुटका आपोआप कापला जातो. तोफही उपयोगी पडते. पुढे जी ७६ मिलिमीटरची तोफ आहे तिची नळी व्यासाच्या ६२ पट लांब, म्हणजे ४.७ मीटर. हे माप जगभर छापलेलं आहे.

पाण्याखालचा भाग मी केलाच नाही. पंखे, सुकाणू, पुढचा सोनारचा फुगवटा, या गोष्टी नीट दिसतील असे फोटो बाहेर येत नाहीत, आणि येऊही नयेत. अंदाजाने केलं असतं तर छान दिसलं असतं. पण मग वरचं मोजलेलं आणि खालचं कल्पनेचं, असं एकाच प्लास्टिकमध्ये मिसळलं असतं. म्हणून पाण्याच्या रेषेवर सरळ काप घेतला. जहाज पाण्यात तरंगताना जेवढं दिसतं तेवढंच.

खरी परीक्षा कोनांची

आता मुद्द्यावर येतो. लोकांना वाटतं की अचूक मॉडेल म्हणजे जास्तीत जास्त बारीकसारीक वस्तू चिकटवलेलं मॉडेल. महायुद्धातल्या जहाजांच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरंही आहे. तिथे दोर, शिड्या, उघड्या तोफा, सगळं बाहेर लटकलेलं. आजच्या विनाशिकेवर तसं फार काही दिसतच नाही. मोरमुगाओवर १६ ब्रह्मोस आणि ३२ बराक क्षेपणास्त्रं बसतात, पण ती डेकच्या आत उभी असतात. बाहेरून दिसतात फक्त चौकोनी झाकणं. जे दिसतं ते मोठे, सपाट, तिरके पत्रे.

ते तिरके का? रडारमुळे. कॅरम खेळता ना? कोपऱ्याजवळ स्ट्रायकर मारला की तो एका पट्टीला लागतो, मग दुसऱ्या पट्टीला, आणि आला त्याच दिशेने परत येतो. काटकोनाचा हा गुण आहे. सायकलचा मागचा लाल रिफ्लेक्टर याच तत्त्वावर चालतो, आत सगळे छोटे छोटे काटकोन असतात, म्हणून गाडीचा प्रकाश बरोबर गाडीकडेच परत जातो. जहाजाची भिंत उभी सरळ असली तर भिंत आणि समुद्र मिळून तसाच काटकोन होतो, आणि शत्रूच्या रडारची लहर सरळ त्याच्याकडे परत जाते. भिंत कलती केली की लहर भलतीकडे निघून जाते.

नौदलाने या जहाजांबद्दल जे जाहीर केलंय त्यात तीन गोष्टी मॉडेलवाल्याच्या फार कामाच्या आहेत. जहाजाच्या अंगाला दिलेला आकार, डेकवरची इमारत जहाजाच्या पूर्ण रुंदीइतकी, आणि डोलकाठ्या जाळीच्या नाहीत, पत्र्याने बंद केलेल्या. म्हणजे बाहेरून दिसणारा आकार हाच या जहाजाच्या बचावाचा भाग आहे. तो आकार चुकला तर वर कितीही बारीक काम करा, मॉडेल दुसऱ्याच कुठल्यातरी जहाजाचं होतं.

आणि चुकणं सोपं आहे. दहा मीटर उंच भिंत मॉडेलवर २८ मिलिमीटरची. ती एका अंशाने जास्त कलली तर वरचं टोक अर्धा मिलिमीटर आत जातं. दोन्ही बाजू धरून एक मिलिमीटर, पाच सेंटिमीटरच्या रुंदीत. कोनमापकाने हे पकडता येत नाही. म्हणून मी मोबाईल वापरतो, आणि हा प्रयोग तुम्ही कुठल्याही वस्तूवर करून बघू शकता.

भाग जोडून झाले की त्यावर तात्पुरता चकचकीत काळा रंग मारायचा. मॉडेल केकच्या फिरत्या टेबलावर ठेवायचं. खोलीत अंधार. मोबाईल स्टँडवर, टॉर्च चालू, व्हिडिओ चालू. टॉर्च आणि कॅमेरा शेजारी शेजारी असतात, म्हणजे प्रकाश जिथून निघतो तिथेच परत आलेला पकडला जातो. रडारही अगदी हेच करतं! आता टेबल हळूहळू फिरवायचं. बहुतेक वेळ मॉडेल काळंच राहतं, आणि मध्येच एखादी भिंत लख्ख चमकते. भिंत कलती असल्यामुळे मोबाईल थोडा वर धरावा लागतो, आणि जेवढ्या अंशांनी वर धरल्यावर ती चमकते, तेवढाच तिचा कल. भिंत एक अंश चुकली तर परत येणारा किरण दोन अंशांनी चुकतो. चूक दुप्पट होऊन दिसते, आपल्याला हवं तेच.

पण यातला सगळ्यात सुंदर भाग वेगळा आहे. अशा जहाजांचे पत्रे वाटेल त्या दिशांना तोंड करून नसतात. चमक पूर्ण थांबवता येत नाही, म्हणून ती मोजक्याच दिशांना जाईल अशी मांडणी करतात, बाकी सगळीकडे अंधार. त्यामुळे व्हिडिओत इमारतीची भिंत, डोलकाठीचा पत्रा, धुराड्याची बाजू असे लांब लांबचे भाग एकदम, एकाच क्षणी चमकायला पाहिजेत. एखादा भाग अर्धा सेकंद मागे राहिला की समजायचं, तो परत सोडवा. माझ्या मते मॉडेल अचूक झालं की नाही हे सांगणारी दुसरी कुठलीही कसोटी याच्या जवळपास येत नाही.

आमच्या गावचं प्लास्टिक

जळगावात राहून मॉडेलसाठी प्लास्टिक मागवावं लागतं म्हटल्यावर घरचे हसले. पण प्लास्टिक प्लास्टिकमध्ये फरक आहे. आपल्या चटया पॉलिप्रॉपिलीनच्या. ते जवळजवळ कशातच विरघळत नाही, त्यामुळे चिकटतही नाही. शेतातले पाईप पीव्हीसीचे. मॉडेलला लागतं पॉलिस्टायरीन, त्यातही जरा लवचीक केलेलं. फ्रिजच्या आतला पांढरा पत्रा बऱ्याचदा त्याचाच असतो. डब्याच्या तळाशी त्रिकोणात ६ लिहिलं असेल तर पॉलिस्टायरीन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ३ म्हणजे पीव्हीसी. मी पाव, अर्धा आणि एक मिलिमीटर जाडीच्या शीट मागवल्या. फ्लेक्सच्या दुकानात मिळणारा सनबोर्ड स्वस्त आहे, पण तो आतून फेसासारखा असतो, धार नीट येत नाही. तळाला चालतो, भिंतींना नाही.

चिकटवण्याची गोष्ट मामाला एका वाक्यात समजली. शेतात दोन पाईप जोडताना आपण 'सोल्युशन' लावतो ना, ते डिंकासारखं चिकटत नाही. ते दोन्ही पाईपांचा वरचा थर विरघळवतं, दोन थर एकमेकांत मिसळतात, द्रव उडून जातो आणि दोनाचा एक पाईप होतो. मॉडेलचा सिमेंटही तसाच. दोन भाग कोरडेच जुळवून धरायचे आणि फटीत ब्रशने एक थेंब सोडायचा, तो आपोआप आत ओढला जातो. मात्र पाईपचं सोल्युशन मॉडेलला लावू नका. पातळ शीटसाठी ते फारच जहाल आहे, अर्धा मिलिमीटरचा पत्रा चुरमडतो. आणि खिडकी उघडी ठेवा, या द्रवांची वाफ डोक्यात जाते.

बाकी सामान गावातलंच. जहाजाच्या अंगासाठी पावाच्या स्लाइससारखे आडवे काप एकामागे एक उभे करायचे आणि त्यावर बाहेरून पातळ शीट गुंडाळायची. कोन धरायचे फर्मे मी नेमप्लेटवाल्याकडे ॲक्रिलिकमध्ये लेझरने कापून घेतले. फटी भरायला गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगची एनसी पुट्टी, पातळ थरात. तोफेची नळी मेडिकलमधून! २७ गेजच्या नव्या सुईचं आतलं भोक ०.२१ मिलिमीटर. ७६ मिलिमीटर भागिले ३५० करून बघा किती येतं. टोक कापून, घासून, साडेतेरा मिलिमीटरचा तुकडा. उरलेलं टोक टेप गुंडाळून टाकायचं, कचरा उचलणाऱ्याच्या हाताला लागू नये.

थ्रीडी प्रिंटिंग का नाही, असं बरेच जण विचारतील. छोट्या गोष्टींना, म्हणजे चार एके-६३० तोफा वगैरेंना, रेझिन प्रिंट उत्तम. मोठ्या सपाट भिंतीला थर दिसतात, आणि आपला तर सगळा खेळच सपाट भिंतींचा. शिवाय साधं पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात जळगावात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून बघा, विनाशिकेची होडी होईल.

काय सोडायचं

कठड्याचा एक मीटर उंच खांब मॉडेलवर तीन मिलिमीटरचा होतो, ठीक. पण त्याची जाडी? तीन सेंटिमीटरचा पाईप म्हणजे ०.०९ मिलिमीटर, केसाइतका. बाजारात मिळणारी पितळी जाळी बहुतेक याहून जाड असते. ०.२ मिलिमीटरची जाळी लावली तर खऱ्या जहाजावर सात सेंटिमीटर जाडीचे खांब लावल्यासारखं होतं, आणि सगळं जहाज पिंजऱ्यात बसवल्यासारखं दिसतं. मी ठरवलंय की खरं माप भागल्यावर ०.०५च्या खाली गेलं तर ती वस्तू करायची नाही. मागच्या डोलकाठीवरचा लांब पल्ल्याचा जाळीदार रडार मात्र पितळेतच करणार, तो नसेल तर जहाज ओळखू येत नाही.

हेलिकॉप्टरचंही तसंच. सी किंगच्या पात्यांचा घेर १८.९ मीटर आणि जहाजाची रुंदी १७.४! म्हणून हँगरमध्ये नेताना पाती घडी करतात. मी घडी केलेलंच ठेवणार, म्हणजे मामीला ते बघूनच डेक किती अरुंद ते कळेल.

रंग खऱ्या जहाजापेक्षा थोडा फिकट घ्यायचा. आपण मॉडेल अर्ध्या मीटरवरून बघतो, म्हणजे स्केलने १७५ मीटरवरून. तेवढ्या अंतरावर मधली हवा रंग थोडा धुवून टाकते. राखाडीत पाच-दहा टक्के पांढरा पुरे. एअरब्रश पहाटेच मारायचा. आमच्याकडे दुपारी रंग हवेतच वाळतो आणि पृष्ठभागावर भुकटी बसते.

आता राहिला जळगाव ते धुळे प्रवास. एरंडोल, पारोळा, मग धुळे, आणि आपले रस्ते तुम्हाला माहीत आहेत. मॉडेलचा तळ सपाट आहे, म्हणून तो खालून दोन स्क्रूने प्लायवुडला पक्का, आणि त्यावर ॲक्रिलिकचा डबा. डब्यात थर्माकोल भरायचा नाही. एक म्हणजे थर्माकोलही पॉलिस्टायरीनच, ताज्या रंगातला थिनर त्यालाही खातो. दुसरं म्हणजे भरलेली कुठलीही वस्तू धक्का सरळ डोलकाठीवर देते. मॉडेलला वरून काहीच टेकता कामा नये. डबा सीटवर ठेवायचा नाही, मांडीवर घ्यायचा. आपले पाय गाडीच्या स्प्रिंगपेक्षा चांगले धक्के खातात.